अपेंडिक्सचा बुंधा कशानं बंद केला, एवढं तरी कागदावर लिहा

प्रति,
कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातील सर्व सर्जन,
खासगी रुग्णालयांचे चालक,
आणि रुग्णालयांची नोंदणी व तपासणी पाहणारे महापालिकेचे आरोग्य अधिकारी

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त थिएटर सिस्टर आहे. ३१ वर्षं ऑपरेशन टेबलाच्या एका बाजूला मी आणि समोर तुमच्यापैकी कुणी ना कुणी, अशी नोकरी झाली. निवृत्तीनंतरही चारेक वर्षं शहरातल्या खासगी थिएटरांत बोलावलं की जात होते. तुमच्यातल्या कित्येकांनी पहिली गाठ माझ्यासमोर मारली आहे. त्यामुळं हे पत्र परक्या माणसाचं समजू नका.

पन्हाळा तालुक्यात माझ्या धाकट्या भावाचं गुऱ्हाळ आहे. यंदा हंगाम ऐन भरात असताना त्याच्या मुलाच्या, म्हणजे माझ्या भाच्याच्या पोटात दुखायला लागलं. पोरगा १९ वर्षांचा. आधी बेंबीभोवती दुखत होतं, संध्याकाळी दुखणं उजव्या कुशीत खाली उतरलं, उलट्या झाल्या, अंग तापलं. घरच्यांना वाटलं रस जास्त प्याला असेल. रात्री नऊला भावानं फोन केला तेव्हा मी एवढंच विचारलं, "उजव्या बाजूला दाबून हात सोडला की जास्त दुखतंय काय?" तो म्हणाला, "व्हय आक्का, किंचाळतंय." शेजाऱ्याची जीप काढून ते शहरात आले. सोनोग्राफीत अपेंडिक्स सुजलेलं दिसलं, फुटलेलं नव्हतं. मध्यरात्रीनंतर दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, तिसऱ्या दिवशी पोरगं घरी गेलं. ऑपरेशन उत्तम झालं. सर्जन चांगले आहेत, हात स्वच्छ आहे, रात्री एक वाजता ते आमच्यासाठी उठून आले. याबद्दल आमचं घर त्यांचं ऋणी आहे.

तक्रार आहे ती बिलाची आणि त्यामागच्या मुकेपणाची.

बिलात एक ओळ होती: "सर्जिकल कन्झ्युमेबल्स, ३४,६५०." म्हणजे ऑपरेशनला वापरलेलं साहित्य. त्यापलीकडं काही नाही. भावानं बाजार समितीतल्या अडत्याकडून येणाऱ्या गुळावर उचल घेऊन पैसे भरले. रुग्णालय जनआरोग्य योजनेत नव्हतं आणि मध्यरात्री दुसरीकडं शोधत फिरायची ती वेळ नव्हती. घरी आल्यावर त्यानं बिल माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाला, "आक्का, ह्यातलं चौतीस हजाराचं काय हाय ते बघ की जरा."

मी काउंटरवर गेले. "ते पॅकेजमध्ये आहे." मी म्हटलं, पॅकेजमध्ये काय आहे तेच विचारायला आले आहे. "असा वेगळा तपशील द्यायची पद्धत नाही." मग भाच्याच्या सहीनं लेखी अर्ज दिला. अकराव्या दिवशी ऑपरेशनच्या नोंदीची प्रत मिळाली. इंग्रजी नोंद मी मराठी अक्षरांत उतरवून देते: "लॅप्रोस्कोपिक अपेंडिसेक्टॉमी अंडर जीए. अपेंडिक्स इन्फ्लेम्ड. बेस हेल्दी. स्टंप सिक्युअर्ड. हिमोस्टॅसिस अचीव्हड." म्हणजे पूर्ण भूल देऊन दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं, ते सुजलेलं होतं, बुंधा निरोगी होता, तो बंद केला, रक्तस्राव थांबला.

स्टंप सिक्युअर्ड. कशानं?

शेवटी सर्जनना फोन केला. ते आदरानंच बोलले. "सिस्टर, स्टेपलर मारला. सेफ असतो. तुम्हाला काय सांगायचं, तुम्हाला माहीतच आहे." खरं आहे, मला माहीत आहे. माझ्या भावाला माहीत नाही, आणि पैसे त्यानं भरलेत. त्या दिवशी ठरवलं की हे उघड लिहायचं. कारण ज्यांच्या घरात थिएटर सिस्टर नाही त्यांना तर कुणाला फोन करायचा हेसुद्धा माहीत नसतं.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, सर्जन मंडळींनी सबुरीनं घ्यावं.

अपेंडिक्स म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारी, करंगळीसारखी पोकळ शेपटी. ती कापून काढायची तर जिथून ती आतड्याला चिकटलेली आहे ते तोंड बंद करावं लागतं. ते तोंड म्हणजे बुंधा. तो नीट बंद झाला नाही तर आतड्यातला मळ पोटात येतो, पू होतो, जिवावर बेतू शकतं. म्हणजे सगळ्या ऑपरेशनमध्ये खरी जोखमीची जागा जेमतेम बोटभर रुंदीची. पोट उघडून ऑपरेशन करत तेव्हा बुंधा दोऱ्यानं बांधून आतड्यात दडपायचा आणि वरून पिशवीच्या नाडीसारखा गोल टाका आवळायचा अशी रीत होती. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत तो पर्स-स्ट्रिंग टाका मी शेकडो वेळा हातात दिला आहे. पुढं अभ्यासांतून दिसलं की दडपल्यानं वेगळा फायदा होत नाही, नुसतं बांधलं तरी पुरतं. मग तो टाका हळूहळू गेला.

दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये हे तोंड बंद करायच्या मुख्य वाटा चार. दोऱ्याची गाठ, मग ती बाहेर बांधून आत ढकललेली असो किंवा आतच हत्यारांनी मारलेली. तयार मिळणारा फास, म्हणजे लूप. क्लिप, त्यात टायटेनियमची किंवा हल्ली जास्त वापरात असलेली पॉलिमरची, खटका बसून लॉक होणारी, जिला थिएटरमध्ये सगळे हेमोलॉक म्हणतात. आणि स्टेपलर, जो एका दाबात दोन्ही बाजूंना टायटेनियमच्या पिनांच्या तीन-तीन ओळी मारतो आणि मधून पातं फिरवून कापतो.

यातली गाठ मला सगळ्यात जवळची. कारण ती मी डोळ्यांसमोर पाहिली आहे आणि तिचं एक टोक माझ्या हातात असायचं. दोरा पोटातून फिरून बाहेर आला की सर्जन एक साधी अढी टाकायचे, मग एका टोकाचे दोन्ही दोऱ्यांभोवती तीन वेढे, मग परत एक अढी, आणि गाठ तयार. ती पुशरच्या, म्हणजे गाठ ढकलायच्या दांडीच्या, टोकावर धरून हळूहळू आत सरकवायची, पडद्यावर दिसायचं की फास बुंध्याशी येऊन कसा बसतो. आवळताना डॉक्टर श्वास रोखायचे, मीही. कॅटगट, म्हणजे जनावरांच्या आतड्यापासून केलेला दोरा, असायचा तेव्हा तो ओला झाला की फुगून गाठ आपोआप घट्ट धरायचा. कृत्रिम दोरे आले तेव्हा ते तसे फुगत नाहीत, गाठ सरकायची भीती, म्हणून वेढे वाढवले आणि अढ्या बदलल्या. बुंध्याकडं दोन फास, अपेंडिक्सकडं एक, मध्ये कात्री. तरुण डॉक्टर रात्री केस नसली की चपलांच्या खोक्याला भोकं पाडून, हातमोज्याचं बोट अपेंडिक्स म्हणून बांधून हीच गाठ घोटायचे. कापून झाल्यावर अपेंडिक्स बाहेर काढायला महागडी पिशवी नसेल तर निर्जंतुक हातमोज्याचीच पिशवी करायची. आम्ही हे गरिबी म्हणून केलं नाही. ते बरोबर होतं म्हणून केलं.

आणि ही गाठ काही कामचलाऊ जुगाड नाही. दुर्बिणीतून पहिलं अपेंडिक्स १९८० मध्ये जर्मनीतल्या कील शहरात कुर्ट झेम यांनी काढलं. ते सर्जन नव्हते, स्त्रीरोगतज्ज्ञ होते. सर्जन मंडळी त्यांच्यावर एवढी भडकली की त्यांची प्रॅक्टिस बंद करा अशी मागणी झाली. त्या झेम यांनीच दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत रोडरचा फास, म्हणजे अशीच सरकती गाठ, आणला. मुळात ती गाठ टॉन्सिलच्या ऑपरेशनसाठी होती. म्हणजे ही शस्त्रक्रिया जन्माला आली तीच दोऱ्याच्या फासाबरोबर. दुर्बिणीतून वापरायचा स्टेपलर नंतरचा.

आता जगभरचा अनुभव काय सांगतो? तुम्हाला हे ठाऊक आहे, लोकांसाठी लिहिते. कोक्रेन या संस्थेनं २०१७ मध्ये या विषयावरच्या आठ चाचण्या एकत्र तपासल्या, एकूण ८५० रुग्ण. एका बाजूला क्लिप-स्टेपलरसारखी साधनं, दुसऱ्या बाजूला दोरा. गुंतागुंतीच्या प्रमाणात फरक सापडला नाही. साधनांनी वेळ वाचला, सरासरी नऊ मिनिटांच्या आसपास. साध्या अपेंडिक्ससाठी दोरा सोडून अमुक एक साधनच वापरा असं म्हणण्याइतका पुरावा नाही असा निष्कर्ष निघाला. तातडीच्या शस्त्रक्रियांच्या जागतिक संघटनेची जेरुसलेम मार्गदर्शक तत्त्वं आहेत, २०२० मध्ये ती सुधारली. त्यांत मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी, साध्या आणि गुंतागुंतीच्या दोन्ही अपेंडिक्ससाठी, लूप, टाक्याची गाठ किंवा पॉलिमर क्लिपची शिफारस आहे. स्टेपलर गुंतागुंतीच्या केसमध्ये, सर्जनला आत काय दिसतं त्यावर आणि हाताशी काय साधनं आहेत त्यावर ठरवून वापरता येईल, असं म्हटलं आहे.

माझ्या भाच्याच्या नोंदीत "बेस हेल्दी" लिहिलं आहे. बुंधा निरोगी. मग पुढचा प्रश्न कुणीही विचारेल.

मी स्टेपलरच्या विरोधात नाही, हे ठळक लिहून ठेवते. ज्या केसला तो लागतो तिथं तो देवासारखा आहे. एक बाई आठवतात, गडहिंग्लज भागातल्या, चार दिवस अंगावर दुखणं काढून आलेल्या. आत पाहिलं तर अपेंडिक्स काळं पडलेलं, आणि काळेपणा बुंध्यापर्यंत गेलेला. तिथं फास आवळला असता तर दोरा लोण्यात रुतावा तसा रुतला असता. सर्जननी स्टेपलर मागवला, आतड्याची थोडी निरोगी भिंत धरून मारला. काम फत्ते. पण माझ्या लक्षात राहिलं ते त्यानंतरचं. मोजे न काढता, किडनी ट्रेमध्ये ते काळं अपेंडिक्स घेऊन ते दारात गेले, बाईच्या नवऱ्याला बोलावलं आणि म्हणाले, "हे बघा, बुंधापण सडलाय. दोऱ्यानं धरलं नसतं. म्हणून मशीन वापरलं, त्याचा खर्च जास्त येतो." नवऱ्यानं ट्रेकडं पाहिलं आणि मान हलवली. दोन मिनिटंही लागली नाहीत. बिलावर नंतर एक शब्द उमटला नाही.

मला तेवढंच पाहिजे आहे. ते दारात येणं.

आता माझ्या तक्रारी.

पहिली, बुंधा कशानं बंद केला हे नोंदीत लिहिलं जात नाही. हे एका रुग्णालयापुरतं नाही. शेजारीपाजारी, नात्यात ज्यांची ज्यांची ऑपरेशनं झाली त्यांची डिस्चार्ज कार्डं मी हल्ली आवर्जून बघते. कुठं नुसतं ऑपरेशनचं नाव, कुठं "सर्व व्यवस्थित". हा प्रश्न पैशाचा तर आहेच, पण उद्याच्या उपचाराचाही आहे. दोन वर्षांनी याच पोराच्या पोटात दुखलं आणि तो पुण्याच्या किंवा बेळगावच्या डॉक्टरपुढं बसला तर त्याच्या पोटात पिना आहेत की क्लिप आहे की काहीच नाही, हे कोण सांगणार? स्कॅनमध्ये धातू दिसला तर तो कशाचा? सुटी पडलेली पीन किंवा सरकलेली क्लिप पुढं त्रास देते, अशा केसेस क्वचित का होईना, नोंदल्या गेल्या आहेत. आणि बुंधा किती लांब ठेवला हेही लिहिलं पाहिजे. अर्ध्या सेंटिमीटरच्या आत ठेवायचा हे तुम्हीच मला शिकवलंत. लांब राहिला तर उरलेल्या तुकड्याला परत सूज येते, आणि "अपेंडिक्स तर काढलंय" म्हणून कुणाला संशयही येत नाही. मला विचाराल तर फास की स्टेपलर यापेक्षा आतड्यावरच्या तिन्ही पट्ट्या जिथं मिळतात तिथपर्यंत जाऊन खरा बुंधा गाठला की नाही, हे जास्त महत्त्वाचं. नोंदीत त्याचा एक शब्द नसतो.

दुसरी, संमतीची. भावानं रात्री साडेबाराला ज्या छापील कागदावर सही केली त्यात "आवश्यक ते सर्व साहित्य वापरण्यास मान्यता" असं वाक्य आहे. पोरगं आत विव्हळत असताना बाप दुसरं काय करणार? समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये सांगितलं की संमती ही माहिती देऊन घेतलेली असली पाहिजे. तातडीच्या केसमध्ये तासभर समजावत बसा असं मी म्हणत नाही. दोन वाक्यं पुरतात: "बुंधा चांगला निघाला तर दोऱ्यानं किंवा क्लिपनं बांधू, त्याला एवढा खर्च येतो. सडलेला निघाला तर स्टेपलर लागेल, त्याला एवढा." हे ऐकून कोल्हापूरचा कुठलाही माणूस "डॉक्टर, तुम्हाला योग्य वाटंल ते करा" असंच म्हणेल. पण त्याला सांगितलेलं असेल.

तिसरी बोलायला जड जाते. निवृत्तीनंतर खासगी थिएटरांत फिरले तेव्हा एकाच आठवड्यात, एकाच सर्जनच्या हाताखाली, योजनेतल्या रुग्णाचा बुंधा दोऱ्यानं बांधलेला आणि रोख भरणाऱ्या रुग्णाचा स्टेपलरनं मारलेला मी पाहिला आहे. दोघांचं अपेंडिक्स सारखंच, सुजलेलं, न फुटलेलं. योजनेतल्या रुग्णाला कमी प्रतीचं दिलं असं मी म्हणणार नाही, कारण दोरा कमी प्रतीचा नाहीच. तो रुग्णही छान बरा झाला. मग दुसऱ्याला जास्त का लागलं, याचं उत्तर पोटात नव्हतं. दोऱ्याचा खर्च काही शे रुपये. तयार लूप आणि क्लिप त्याहून महाग, तरी आवाक्यातल्या. स्टेपलरचं हँडल आणि रिलोड, म्हणजे त्यात बसवायची पिनांची कॅसेट, मिळून आकडा कित्येक हजारांवर जातो. एवढ्या फरकाला वैद्यकीय कारण असलं पाहिजे, आणि ते कारण नोंदीत दिसलं पाहिजे.

चौथी गोष्ट जखमेची. स्टेपलर आत जायला १२ मिलिमीटरचं भोक लागतं, फास पाचच्या भोकातूनही जातो. भाच्याच्या डाव्या कुशीतली जखम म्हणून मोठी आहे. तो गुऱ्हाळात तीस-तीस किलोचे गुळाचे रवे उचलतो. मोठ्या भोकातून पुढं हर्निया येऊ शकतो, म्हणून वजन कधीपासून उचलायचं हे त्याला नेमकं सांगायला हवं होतं. कार्डावर लिहिलंय, "जड काम टाळा." किती दिवस, ते नाही. त्यानं मला विचारलं, मी माझ्या अनुभवावर सांगितलं. हे काम माझं नव्हतं.

आणखी एक. ही तक्रार कमी, काळजी जास्त आहे. नव्या मुलामुलींच्या हातातून गाठ चालली आहे. स्टेपलरवरच शिकलेला डॉक्टर उद्या चंदगडला, आजऱ्याला, गगनबावड्याला गेला आणि पाऊस-पाण्यात माल आला नाही, तर बुंधा कशानं बांधणार? तुम्ही जी गाठ खोक्यावर घोटून शिकलात ती पुढच्यांना शिकवा. तुमच्या गुरूंनी शिकवली म्हणून ती तुमच्यापर्यंत आली.

या सगळ्याच्या उत्तरात कुणी म्हणेल, स्टेपलरनं वेळ वाचतो, भूल कमी वेळ राहते, मध्यरात्री थकलेल्या हाताला तो आधार असतो. मान्य. पहाटे तीनला गाठ मारताना थरथरणारे हात मी पाहिले आहेत आणि त्या हातांची मला कीव नाही, आदर आहे. हेच कारण असेल तर हेच लिहा. "ऑपरेटिंग सर्जनचा निर्णय, वेळ वाचवण्यासाठी स्टेपलर." एवढं लिहिलेलं असतं तर मी अर्जही केला नसता. मात्र नऊ मिनिटांची किंमत रुग्णाच्या बापाच्या उचलीतून जात असेल, तर त्याला ते आधी कळायला पाहिजे.

माझ्या मागण्या अशा आहेत.

सर्जन मंडळींना: अपेंडिक्सच्या प्रत्येक ऑपरेशनच्या नोंदीत बुंध्याची स्थिती, तो कशानं बंद केला, किती फास किंवा क्लिप किंवा कोणतं रिलोड, बुंध्याची लांबी, आणि महागडं साधन वापरलं असेल तर त्याचं एका ओळीत कारण, हे लिहा. हीच ओळ डिस्चार्ज कार्डावर मराठीतही द्या. तुमची संघटना एकत्र बसून याचा चार ओळींचा नमुना एका संध्याकाळीत करू शकते. मी मदतीला यायला तयार आहे.

रुग्णालयचालकांना: "कन्झ्युमेबल्स" ही एक ओळ बंद करा. वस्तू, नग, दर असं बिल द्या. स्टेपलर, रिलोड आणि क्लिपच्या खोक्यावरचा लॉट नंबरचा स्टिकर रुग्णाच्या फाइलमध्ये चिकटवा. हा नियम पाळला की ते साधन याच रुग्णासाठी नवं उघडलं होतं का, की दुसऱ्यावर वापरून परत निर्जंतुक केलेलं होतं, हा प्रश्नच उरत नाही. प्रामाणिक रुग्णालयाला याचा फायदाच आहे. साहित्य तुमच्याच मेडिकलमधून घ्यायची सक्ती नको. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेत औषध कुठून घ्यायचं हे ठरवायचा हक्क रुग्णाला दिला आहे, आणि तपशीलवार बिलाचाही. नोंदी मागितल्या तर त्या ७२ तासांत द्या. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांतच ते आहे. आम्हाला अकरा दिवस लागले.

महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांना: महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम १९४९ चा आहे, त्याखालचे नियम २०२१ मध्ये सुधारले. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचं त्यात स्पष्ट आहे. शहरातल्या किती रुग्णालयांत ते लावलं आहे, आणि लावलं आहे तिथं बसलेल्या माणसाला वाचता येईल अशा जागी आहे का, हे एकदा स्वतः फिरून बघा. भाच्याच्या वेळी मी तो फलक शोधला, मला दिसला नाही. तक्रार घ्यायला जो नंबर ठेवायचा आहे तोही लोकांना माहीत होऊ द्या. आणि तपासणीला जाल तेव्हा खाटा आणि शौचालयं मोजण्याबरोबर पाच बिलं काढून बघा.

यातलं काहीही करायला एक रुपया खर्च नाही.

मी कुणाचं नाव घेतलेलं नाही, घेणार नाही. भावाला पैसे परत मिळावेत म्हणूनही हे लिहिलेलं नाही. त्याची उचल गुळाच्या पट्टीतून फिटेल. ज्या रुग्णालयात हे झालं त्यांना एकच विनंती आहे, आणि हे पत्र वाचून ती त्यांना कळेल. "स्टंप सिक्युअर्ड" या दोन शब्दांपुढं "स्टेपलरनं" एवढा शब्द घालून, खाली रिलोडचा स्टिकर आणि कारण लिहून, सही-शिक्क्याचं एक पान पाठवा. भाच्याची फाइल मी माझ्याकडं ठेवली आहे. ते पान आलं की मी त्यात लावीन आणि फाइल गावाला पाठवीन.

आपली,
एक निवृत्त थिएटर सिस्टर
कोल्हापूर